धर गं!

ड्रोन आणला त्या दिवशी नवऱ्याने त्याचं माहितीपुस्तक उघडलंसुद्धा नाही. "त्यात काय वाचायचंय? लहान पोरं उडवतात हे," असं म्हणून त्याने पुस्तकासकट खोकं बायकोपुढे केलं. "धर गं." तिने धरलं. लग्न झाल्यापासून ती हेच करत आली होती. किल्ल्या, छत्री, उष्टा कप, अर्धवट सोडलेले धंदे, काहीही असो. तो न बघता हात लांबवायचा, आणि तिचा हात तिला न विचारताच पुढे व्हायचा.

आज मात्र दिवस तिचा होता. इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मशीन चालवून तिने अखेर स्वतःचं शिवणाचं दुकान काढलं होतं. पहिलंच काम एका शाळेच्या गणवेशांचं होतं, कापडाचे तागे येऊन पडले होते. फीत कापायची आणि कामाला लागायचं, एवढाच तिचा बेत होता.

"वरून शूटिंग घेतो," नवरा म्हणाला.

"अहो, आधी मोकळ्या मैदानात शिका तरी! इथे माणसं आहेत, तारा आहेत."

"तू तुझी कात्री सांभाळ."

ड्रोन झोकात उडाला, तारांना वळसा घालून माघारी फिरला आणि तिथेच घोटाळा झाला. त्याचं तोंड आपल्याकडे असलं की डावं-उजवं उलटतं, हे त्या न वाचलेल्या पुस्तकात पहिल्याच पानावर होतं. नवरा रिमोटची दांडी डावीकडे ढकली, तो उजवीकडे जाई. शेजारचा चष्म्याचा दुकानदार मटकन खाली बसला. नणंद कुंडीमागे दडली.

"अहो, थांबवा ना!"

"थांबतोय कुठे मेला!"

ड्रोन नव्याकोऱ्या पाटीवर आपटला आणि गरगरत खाली आला. नवऱ्याच्या दोन्ही हातांत रिमोट होता. तो सवयीने ओरडला, "धर गं!"

आणि तिने धरला.

दोन्ही हातांच्या बोटांना टाके घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "महिनाभर हातात काही धरायचं नाही. कात्री तर नाहीच नाही." म्हणजे गणवेश गेले. शाळा काही तिच्या बोटांसाठी थांबणार नव्हती. तिला रडू आलं, पण डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"पण वहिनी, फिरत्या पात्यांत हात घालतं का कुणी?" नणंद म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," नवऱ्याला जोर चढला. "व्हिडिओत स्पष्ट दिसतंय. तो आपला खाली येत होता, हिनेच हात घातला." खिशात गाडीची किल्ली चाचपत त्याने न बघता मोबाइल पुढे केला. "धर गं, तूच बघ."

तिचा हात जागचा हलला नाही. मोबाइल फरशीवर पडला आणि काचेचा चुरा झाला.

"अगं, धरलास का नाही?"

"डॉक्टरांनी सांगितलंय ना? हातात काही धरायचं नाही."

नवरा जरा वरमला. डॉक्टर ऐकत होते. आवाज खाली आणून तो म्हणाला, "बरं, झालं ते झालं. मनात धरू नकोस."

"त्याला डॉक्टरांची मनाई नाही," ती म्हणाली, आणि खांद्याने दार ढकलून बाहेर पडली.