मागच्या सीटवरचा गिलास

नागपुरात गाड्यांच्या जेवढ्या म्हणून शोरूम आहेत, तेवढ्या सगळ्यांत मेश्रामकाकांना ओळखतात. काचेच्या दारातून ते आत येताना दिसले की निम्मे सेल्समन जेवायला जातात, मग घड्याळात सकाळचे साडेदहा का वाजले असेनात. याला कारण काकांची टेस्ट ड्राइव्ह. जगातला कुठलाही माणूस टेस्ट ड्राइव्ह म्हटली की स्टिअरिंगमागे बसतो. काका तीन वर्षांत एकदाही तिथे बसले नाहीत. ते मागचं डावं दार उघडतात, ऐसपैस बसतात, पिशवीतून स्टीलचा गिलास काढून पायाशी ठेवतात, काठाखाली बोटभर सोडून त्यात पाणी ओततात आणि म्हणतात, "हं, चालवा आता. गिलासाले विचारू दे."

नंदनवनात ते खाली राहतात, मी वर. एवढ्या एका गुन्ह्यासाठी माझे तीन वर्षांतले बहुतेक रविवार गेले. सकाळी मी तर्री-पोह्यांची स्वप्नं पाहत लोळत असताना जिन्यातून हाक येते, "सुनील, झोपून काहून राहिला गा? नवी हायब्रीड आली म्हणते!" मग मी पुढे बसून ॲव्हरेज, बॅटरी, वॉरंटी असले शहाण्या गिऱ्हाइकाचे प्रश्न विचारायचे आणि काकांनी मागे बसून खाली मान घालून पाण्याकडे पाहायचं, अशी आमची वाटणी होती. सेल्समन मला गिऱ्हाईक समजायचे आणि काकांना माझे जरा हललेले वडील. काकांनी हा गैरसमज कधीच दूर केला नाही. मी केला असता, पण मला कोणी विचारलं नाही.

गिलासाची ही विद्या नागपूरला लागून असलेल्या वाडी गावाची. तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये काकांनी उभा जन्म माल चढवून घेण्यात घालवला. काचा, औषधांच्या बाटल्या असला नाजूक माल कुठल्या ट्रकात चढेल, हे काका ठरवत. रिकाम्या ट्रकच्या हौद्यात, मागच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याचा गिलास ठेवायचा, शेजारी आपण उकिडवं बसायचं आणि ड्रायव्हरला अमरावती रोडवर एक चक्कर मारायला लावायची. पाणी सांडलं की त्या ट्रकात सिमेंट. नाही सांडलं तर काच. "ड्रायव्हर खोटं बोलते, मालक खोटं बोलते. गिलास नाई बोलत," असं काका सांगतात.

"पण काका, तुम्हाला कारमधून कुठला नाजूक माल न्यायचाय?" असं मी एकदा वैतागून विचारलं.

काकांनी हळूच घराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुही काकू."

शकुंतलाकाकू नाजूक आहेत, हे पचायला मला वेळ लागला. त्यांचा आवाज ऐकून आमच्या गल्लीतला भाजीवाला आपणहून जास्तीची कोथिंबीर टाकतो. पण या बाईंना गाडी लागते. साधीसुधी नाही, भयंकर लागते. बस, जीप, रेल्वे, काहीच चालत नाही. रिक्षा बर्डीच्या बाजारापर्यंत कशीबशी सहन होते, त्यापुढे पोट ऐकत नाही. प्रवास म्हटला की त्या आदल्या दिवसापासून अन्न सोडतात, पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि तरीही व्हायचं ते होतंच.

त्यांची एकुलती एक लेक प्रज्ञा कळमेश्वरला दिली आहे. जावई तिथल्या कारखान्यात आहे. म्हणजे लेक काही सातासमुद्रापार नाही, तासाभराच्या वाटेवर आहे. पण लग्नाला पाच वर्षं झाली तरी काकूंनी लेकीचं घर पाहिलं नव्हतं. एकदा बसने निघाल्या, तर काटोल नाक्यालाच उतरून रस्त्याच्या कडेला बसल्या आणि लोक बघतायत म्हणून रडल्या. तेव्हापासून त्यांनी कळमेश्वरचं नावच टाकलं. काकांनी मात्र त्याच आठवड्यात गिलास धुऊन काढला.

आमच्या चौकात दोन पक्ष होते. हायब्रीडवाले म्हणायचे, चार्जिंगची कटकट नाही, पेट्रोल टाका आणि चला. इलेक्ट्रिकवाले म्हणायचे, पेट्रोल पंपाचं तोंड पाहायला नको, घरी वायर लावा आणि झोपा. पोह्यांच्या गाडीवर यावरून अबोले झाले आहेत. काका दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "ते सगळं खरं. पण पाणी काय म्हणते?"

पाणी दोघांवरही नाराज होतं. हायब्रीड बॅटरीवर असेपर्यंत लोण्यासारखी जायची, पण चढ आला, इंजिन जागं झालं की गिलासात बारीक कापरं भरायचं. वर काकांना पेट्रोलचा वास यायचा. मला कधीच आला नाही, पण काकांनी काकूंचं नाक लावलेलं होतं. इलेक्ट्रिकला वास नाही, आवाज नाही, थरथर नाही. पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कोणीतरी शेपटी धरून ओढावी तशी ती मागे खेचली जायची. तेवढ्यात बॅटरी थोडी भरून निघते म्हणे. बॅटरी भरायची, गिलास रिकामा व्हायचा. एका उत्साही सेल्समनने तर "सर, पिकअप बघा!" म्हणून अशी काही दाबली की काकांची विजार गुडघ्यापासून खाली भिजली. काका शांतपणे म्हणाले, "सिमेंटची गाडी हाये."

अशात प्रज्ञाने कळमेश्वरला स्वतःचं घर बांधलं आणि फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, आई आल्याशिवाय या घरात गॅस पेटणार नाही. पहिला चहा तिच्याच हातचा." घर दोन महिने तयार होऊन बंद होतं, लेक-जावई भाड्याच्या खोलीतच, आणि काका इकडे गिलास घेऊन वणवण फिरत होते. त्यांचं वजनही उतरलं होतं. मला पहिल्यांदाच रविवारचं काही वाटेनासं झालं.

शेवटी एका शोरूममध्ये इलेक्ट्रिक गाडी चालवून दाखवायला एक नवीनच लागलेली मुलगी भेटली. बाकीचे नेहमीप्रमाणे जेवायला गेले होते. तिने आरशातून काकांचा गिलास पाहिला, हसली नाही. विचारलं, "काका, मागे कोण बसणार आहे?"

तीन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. काकांनी सांगितलं. तिने गाडी कडेला घेतली आणि समोरच्या पडद्यावर दोनदा बोट टेकवलं. "पाय काढल्यावर गाडी ओढते ना, ते कमी करता येते, काका. आम्ही दाखवताना जास्तीवर ठेवतो, बॅटरी जास्त चालावी म्हणून. माझ्या आईलाही गाडी लागते."

पुढची चक्कर मी जन्मात विसरणार नाही. वळणं झाली, सिग्नल झाले, गतिरोधक झाले. मी वळून पाहिलं तर काका तशाच भरलेल्या गिलासाकडे बघत दोन्ही हात जोडून बसले होते. "सुनील," ते म्हणाले, "मी साऱ्या नागपुराले साऱ्या गोष्टी विचारल्या गा. हे नाई विचारलं." गाडी त्याच दिवशी ठरली. रंग कुठला, असं मुलीने विचारलं तेव्हा काका म्हणाले, "कोणताही दे वं बाई, रंगानं पोटात ढवळत नाई."

इतकं झाल्यावर काकू म्हणाल्या, "मी नाई येत. इलेक्ट्रिक असो का सोन्याची, मले लागतेच. नवीकोरी गाडी खराब करू काय तुमची?"

"गाडी खराब करासाठीच घेतली हाये," काका म्हणाले. "बस तू."

शनिवारी सकाळी निघालो. काकू उपाशी, पदरात लिंबू, हातात उलटीसाठी पिशव्यांची चळत, चेहरा ऑपरेशनला निघाल्यासारखा. मागच्या डाव्या सीटवर त्या, पायाशी भरलेला गिलास, स्टिअरिंगवर पहिल्यांदाच काका (चालवायला ते गोडाऊनमध्येच शिकले होते), शेजारी मी. "मांगं पाहू नको गा, तिले लाज वाटते," असा मला दम होता. गोरेवाडा गेलं. फेटरी गेली. मागे काहीच आवाज नव्हता, आणि त्या शांततेचा अर्थ आम्हा दोघांनाही लावता येत नव्हता. काकांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. एसी चालू होता.

प्रज्ञाच्या दारात गाडी थांबली. काका उतरून धावतच मागच्या दाराशी गेले, दार उघडलं, आणि त्यांचा चेहरा पडला. काकूंच्या हातात गिलास होता. गिलास रिकामा होता.

"सांडलं?" काकांनी विचारलं. वाकून त्यांनी खाली हात फिरवला. चटई कोरडी. सीट कोरडी. काकूंची साडी कोरडी.

"काय चाचपून राहिले?" काकू म्हणाल्या. "फेटरीच्या पुढं मले तहान लागली. पिलं."

"पिलं? गाडीत? तू?"

"मंग काय करू? लाथ लागीन म्हणून हातात घेतला होता, हातात होता तं पिलं." आणि त्या पिशव्या तशाच घडी घातलेल्या परत देऊन, लेकीच्या गळ्यात पडून, सरळ स्वयंपाकघरात गेल्या. बुद्धवंदना झाली, गॅस पेटला, पहिल्या चहाचा वास नव्या घरभर गेला.

काका तो गिलास खाली ठेवायला तयार नव्हते. वंदनेला आलेल्या प्रत्येक शेजाऱ्यासमोर उलटा धरून दाखवत होते. "पाहा, एक थेंब नाई! सारा पिली!" लोकांना काही कळत नव्हतं, तरी ते अभिनंदन करत होते. मीही करत होतो, आणि मला तर सगळं कळत होतं.

चहाचा ट्रे घेऊन प्रज्ञा माझ्याजवळ आली आणि थबकली. "दादा, बाबा महिन्यातून एकदा यायचे आमच्या खोलीवर, बसने. पण पाच वर्षांत एकदाही खाली बसले नाहीत. दारातच उभ्याने पाणी प्यायचे, मला डोळे भरून पाहायचे आणि परत. बसा म्हटलं की म्हणायचे, तुही आई आल्यावर."

मी काकांकडे पाहिलं. काकू कप घेऊन बाहेर आल्या होत्या. काकांनी कप नको म्हटलं, रिकामा गिलास पुढे केला. काकूंनी चहा त्यात ओतला. मग दोन्ही हातांत तो गिलास धरून काका हळूच भिंतीला टेकले आणि लेकीच्या घरात खाली बसले.