सूर्यास्त पाचच्या आत

राखीव वनउद्यानाच्या पश्चिम टोकाला सूर्यास्त पॉइंट आहे. तिथे दगडी कठडा आहे, बाक आहेत आणि सूर्य कोणत्या बाजूला मावळतो ते दाखवणारा बाण आहे. उद्यान संध्याकाळी पाचला बंद होतं. सूर्य सहाच्या पुढे मावळतो. त्यामुळे उद्घाटनापासून आजवर या पॉइंटवरून एकाही माणसाने सूर्यास्त पाहिलेला नव्हता, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. लोक फोटो काढून वेळेत निघत आणि घरी गेल्यावर त्यात हवा तेवढा केशरी रंग भरत.

तक्रार आली ती एका आत्यामुळे. आत्या शिवणकाम करायची. तळमजल्यावरच्या एका खोलीत शिलाई मशीनपुढे तिचा जन्म गेला होता आणि खिडकीबाहेर, हात लांबवला तर लागेल अशी, शेजारच्या इमारतीची भिंत होती. सोमवारी तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डावा डोळा डॉक्टरांनी आधीच सोडून दिला होता आणि उजव्याबद्दल ते फक्त "बघू" म्हणाले होते.

"सूर्य पूर्ण बुडेपर्यंत एकदा बघायचाय," ती भाच्याला म्हणाली. "मग काय व्हायचं ते होऊ दे."

भाचा विमा कंपनीत होता. शनिवार-रविवार निसर्गात घालवला नाही तर सोमवारी ऑफिसात तोंड दाखवायची सोय उरत नसे, त्यामुळे आत्याची इच्छा त्याला मनापासून पटली. बायको, आत्या आणि फोटोपुरत्या दोन गवती टोप्या घेऊन तो निघाला.

शनिवारी पाचच्या ठोक्याला चौकीदाराने शिट्टी फुंकली. सूर्य अजून चांगला वर होता. लोक मुकाट उठले. आत्या मात्र बाकाला चिकटून बसली, म्हणून भाच्याला नाइलाजाने ताठ व्हावं लागलं आणि तिघांची रवानगी अधीक्षकांच्या खोलीत झाली. उद्यान पाचला बंद होत असलं तरी तक्रारी ऐकण्याची वेळ पाचनंतरचीच होती, आणि अधीक्षक आले तेव्हा सहा वाजत आले होते.

"साहेब, सूर्यास्त पॉइंट सूर्यास्ताआधी बंद होतो," भाचा म्हणाला.

"पॉइंट वेळेवरच बंद होतो," अधीक्षक शांतपणे म्हणाले. "उशीर सूर्याकडून होतोय."

"मग तासभर जास्त उघडा ठेवा ना."

"कर्मचाऱ्यांची वेळ बदलायची तर वरून मंजुरी लागते. ती माझ्या हयातीत यायची नाही."

"पण सूर्याला कोण सांगणार?"

अधीक्षक एकदम सावरून बसले. आपल्या नोकरीत इतका उपयुक्त प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. "सूर्याबाबत मात्र मंजुरी लागेल असं नियमांत कुठेच म्हटलेलं नाही," ते सावकाश म्हणाले.

अधीक्षकांच्या पाठीमागे खिडकी होती आणि खिडकीला जाड पडदा. बोलणं चाललं होतं तेव्हा पडद्याच्या कडा हळूहळू लाल झाल्या, मग विझल्या. आत्या एकटीच तिकडे बघत होती.

"उद्या या," अधीक्षक म्हणाले. "तुमच्या तक्रारीचं निवारण झालेलं असेल."

दुसऱ्या दिवशी कठड्यापलीकडे 'झाडे वाचवा' मोहिमेचा अवाढव्य फलक उभा होता. तो उभा करायला जागा हवी, म्हणून मधली झाडं रातोरात तोडली होती. फलकावर रोप हातात घेतलेल्या अधीक्षकांचं हसरं छायाचित्र होतं. पाच वाजत आले तसा सूर्य त्यांच्या डोक्यावर टेकला, कानामागे सरकला आणि कार्यालयीन वेळेत दिसेनासा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंचे तर डोळे भरून आले. भाच्याच्या बायकोने टोपी घालून फोटो काढून घेतला.

"आत्याबाई, बघितलात ना? किती छान!"

"अगं, हा मावळला कुठे? झाकला." आत्याने चष्मा काढून पुसला. "आणि भिंतच बघायची तर एवढ्या लांब कशाला यायचं? माझ्या खिडकीत आहे की."

शिट्टी झाली. सगळे गाड्यांकडे धावले आणि फाटकाशी लांबलचक रांग लागली, कारण शनिवारच्या तक्रारीतून एक नवा नियम निघाला होता. सूर्यास्ताविना एकाही पर्यटकाला परत पाठवायचं नाही. चौकीदार प्रत्येक गाडीत डोकावून प्रत्येकाला विचारी, "सूर्यास्त मिळाला?" सगळे "मिळाला" म्हणाले की दांडा वर जाई. भाच्याची गाडी दांड्यापाशी पोचली तोवर सहा वाजून गेले होते.

"मिळाला," भाचा म्हणाला.

"मिळाला, मस्त होता," बायको म्हणाली.

"नाही मिळाला," आत्या म्हणाली, आणि दार उघडून खाली उतरली.

फाटकापलीकडचा रस्ता सरळ पश्चिमेला जात होता. इथे फलक नव्हता, कठडा नव्हता, बाणही नव्हता. रस्त्याच्या टोकाला लालभडक सूर्य जमिनीला नुकताच टेकला होता. आत्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. चौकीदार हताश होऊन बघत राहिला. एक माणूस सूर्यास्ताविना असताना दांडा वर करायची त्याची प्राज्ञा नव्हती.

मागे हॉर्न सुरू झाले.

"आत्या, मिळाला म्हण आणि बस बघू!" भाचा ओरडला. "सगळे खोळंबलेत."

"अर्धा राहिलाय रे. एवढा जाऊ दे."

"अगं, लोक शिव्या घालतायत!"

"घालू देत. त्यांना काय, परवाही दिसणारच आहे."

हे ऐकून भाच्याला कसंतरीच झालं. पण मागचे हॉर्न आता गाणं म्हटल्यासारखे एका सुरात वाजू लागले होते आणि त्याला शरम वाटली ती त्यांची. त्याने खाली उतरून आत्याचा दंड धरला, तिला आत बसवलं आणि चौकीदाराला म्हणाला, "मिळाला. तिलाही मिळाला." दांडा वर गेला. फाटकातून बाहेर पडताच गाडी मुख्य रस्त्याला वळली, आणि उरलेला सूर्य रस्त्याकडेच्या कुंपणामागे गेला. आत्या मान मागे वळवून कुंपणाकडे बघत राहिली.

चौकीदाराने मग रांगेकडे पाहिलं. समोरचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून प्रत्येक गाडीत काचेवरची पट्टी खाली ओढलेली होती. पट्टीखाली प्रत्येकाची मान फोनात होती आणि एक हात हॉर्नवर.

तुमची गाडी तिसरी होती. हॉर्न जरा कर्कश वाटला, तेवढा गॅरेजात दाखवून घ्या.