भाऊसाहेब बोलताय का?

भाऊसाहेब म्हशीची धार काढत बसले होते, तेव्हा सरकारचा फोन आला.

“भाऊसाहेब बोलताय का?”

“व्हय, भाऊसाहेबच.”

“पंचायत समितीतून प्रशांत बोलतोय. गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली का?”

“न्हाई टाकली.”

“आजच टाका. किती पाण्याला किती टाकली ते लिहून फोटो पाठवा.”

फोन बंद झाला. भाऊसाहेब चरवी हातात धरून तसेच बसून राहिले. वय चोपन्न. आजवर सरकारनं त्यांना मतदार म्हटलं होतं, खातेदार म्हटलं होतं, एकदा ‘अर्जदार क्रमांक दोनशे अकरा’ म्हटलं होतं. नावानं हाक आज पहिल्यांदाच मारली होती.

घोळ साधा होता. मिरजगावच्या पलीकडचं हिवरदरा हे त्यांचं गाव. तिथे ग्रामसेवकाला सगळे ‘भाऊसाहेब’ म्हणतात. सरकारनं त्या पदाला नवं लांबलचक नाव दिलं, तरी गावानं जुनंच ठेवलं. पंचायतीचा फलक रंगवताना सरपंच गोजरबाई गावातल्या आसाराम पेंटरला म्हणाल्या होत्या, “खाली भाऊसाहेबांचा नंबर टाक.” आसारामनं मोबाईल उघडला. त्यात भाऊसाहेब एकच होते, त्याच्या शेजारचे. पुढे ग्रामसेवकाची बदली झाली आणि चार्ज शेजारगावच्या बिभीषणरावांकडे गेला. ते दर गुरुवारी येणार होते. कोणत्या गुरुवारी, ते ठरलं नव्हतं. तालुक्याला नव्यानं आलेल्या प्रशांतनं फलकाचा फोटो पाहून नंबर उतरवून घेतला.

भाऊसाहेबांना यातलं काही सुचणं शक्यच नव्हतं. ग्रामसेवकाला ग्रामसेवक म्हणणारे गावात ते एकटेच होते. आपल्याच नावानं दुसऱ्याला हाक मारणं त्यांना जन्मभर अवघड गेलं होतं.

“अहो, पर तुमालाच का फोन?” त्यांच्या बायकोनं, सत्यशीलानं विचारलं.

“नाव घिऊन इचारलं. चुकीचा फोन आसता तर नाव कसं कळलं आसतं?”

 सत्यशीलाला दहावीला गणितात पैकीच्या पैकी मार्क होते. तिनं दोराला दगड बांधून विहिरीतलं पाणी मोजलं. खोली तीन मीटर, व्यास पाच. वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करून ती म्हणाली, “एकूनसाठ हजार लिटर धरा. पुडक्यावर लिवलंय, हजाराला पाच ग्रॅम. म्हंजी तीनशेला जरा कमी.”

“मूठभर टाकू की.”

“मूठ कोनाची? तुमची का माझी?”

पावडर तागडीत तोलून टाकली गेली. वहीच्या पानाचा फोटो तालुक्याला गेला. तिकडून अंगठा आला. भाऊसाहेबांनी तो अंगठा दिवसभरात अकरा जणांना दाखवला.

पुढच्या आठवड्यात फोन आला, लसीकरणासाठी शेळ्या मोजा. इतर गावांतून ‘अंदाजे पाचशे’, ‘सुमारे सहाशे’ असे आकडे गेले. हिवरदऱ्यातून तीनशे सत्तेचाळीस गेला. भाऊसाहेबांनी दोनदा मोजलं होतं, कारण पहिल्या वेळी एक शेळी आसारामच्या शिडीवर चढून बसली होती. मग बंद दिव्यांची यादी झाली, मग गटारांची. गोजरबाईंनी एकदा विचारलं, “भाऊसाहेब, तुमाला हे कोन सांगतंय?”

“वरून आदेश हाय.”

वरून म्हटल्यावर गोजरबाईंनी पंचायतीची किल्लीच हातात दिली.

आणि मग तो फोन आला.

“भाऊसाहेब, तक्रार आलीय. तुमच्या गावात कुणाच्या तरी गोठ्याचा दगडी ओटा रस्त्यात दोन फूट आलाय. दुधाचा टेम्पो वळत नाही. नोटीस द्या आणि काढून टाका.”

भाऊसाहेबांनी मान वळवून पाहिलं. ओटा समोरच होता. त्यांच्याच वडिलांनी बांधलेला. संध्याकाळी त्यावर बसल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

“नोटीस कोन देनार?” सत्यशीलानं विचारलं.

“मी.”

“आन घेनार कोन?”

“तू घे. घरात तू आसतीस.”

सत्यशीलानं रीतसर सही करून नोटीस घेतली आणि वर म्हणाली, “मुदत किती?” भाऊसाहेबांनी सात दिवस दिले. सातव्या दिवशी त्यांनी स्वतः पहार हातात घेतली. टेम्पो वळला, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आणि भाऊसाहेब घाम पुसत उभ्यानंच चहा प्याले.

महिनाअखेरीस निरोप आला, “सोमवारी आढावा बैठक. भाऊसाहेब, स्वतः हजर राहा.”

इस्त्रीचा सदरा घालून भाऊसाहेब तालुक्याला गेले. सभागृहात साठेक ग्रामसेवक. गटविकास अधिकारी मॅडमनी कागद उचलला. “सगळ्या तालुक्यात एकाच गावाचे आकडे खरे वाटतात. हिवरदरा. भाऊसाहेब कुठे आहेत?”

दोन माणसं उभी राहिली.

मॅडमनी बिभीषणरावांना विचारलं, “विहिरीत पाणी किती?”

“असेल की, मॅडम. भरपूर.”

“एकूनसाठ हजार लिटर,” भाऊसाहेब म्हणाले.

“तुम्ही कोण?”

“भाऊसाहेब.”

“ते कळलं. पद?”

“पद न्हाई मॅडम. नाव.”

सभागृह हसून हसून आडवं झालं. भाऊसाहेबांना घोळ समजला तो त्या हसण्यात.  सरकारनं आपल्याला कधी हाक मारलीच नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, “तोतयेगिरीची केस होईल, काका.” प्रशांत तर कागदाआड दिसेनासा झाला.

“शांत बसा,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही सरकारी माणूस आहात असं प्रशांतला सांगितलंत?”

“न्हाई. त्यांनी इचारलं भाऊसाहेब का, मी व्हय म्हनलं. आधारकार्ड हाय.”

“मग शंका नाही आली, सरकार मला का काम सांगतंय?”

भाऊसाहेबांनी सदरा खाली ओढला. “मॅडम, गावातल्या शेळ्या मोजायच्यात, तर गावातल्या मानसालाच इचारनार. मला वाटलं, सरकारला ह्ये आता सुचलं.”

कुणी हसलं नाही. मॅडमनी कागदावर काहीतरी खोडलं, लिहिलं. “केस बिस काही नाही. हिवरदऱ्याला पंधरा दिवसांत कायमचा ग्रामसेवक देऊ. आणि ओट्याची नोटीस दिलीत, तो मालक भांडला नाही का?”

“न्हाई. समजूतदार हाय.”

पंधरा दिवसांनी मोनिका नावाच्या ग्रामसेविका रुजू झाल्या. गावानं एक दिवस विचार केला आणि त्यांनाही भाऊसाहेबच म्हणायचं ठरवलं. आसारामनं फलकावरचा नंबर बदलला. भाऊसाहेबांचा फोन गप्प झाला. धार काढताना ते तो उगाच खिशातून काढून बघत.

शुक्रवारी तो वाजला.

“भाऊसाहेब बोलताय का?”

“नाव भाऊसाहेब,” ते जपून म्हणाले. “पद पायजे आसंल तर फलकावर बघा.”

“पद मीच आहे, काका. मोनिका बोलतेय. मला नावच पाहिजे. उद्या विहीर मोजायचीय. फाइलीत तुमची ती वही पाहिली, फार नीट हिशेब आहे. कसा केला ते दाखवायला याल?”

भाऊसाहेबांची छाती फुगली. मग गुणाकार कुणी केला होता ते आठवलं. त्यांनी चुलीकडे जाऊन फोन पुढे केला.

“घे. सरकारचा फोन हाय. तुला.”

सत्यशीलानं पिठाचे हात पदराला पुसले, फोन कानाला लावला आणि म्हणाली, “बोला, भाऊसाहेब.”

भाऊसाहेब सवयीनं “व्हय” म्हणणार होते. पण त्याऐवजी ते खुंटीवरचा विहिरीचा दोर काढून त्याची गुंडाळी नीट करू लागले.