तिसऱ्या मजल्याच्या दाराच्या सत्त्याण्णव नोंदी

कोणत्याही कामाला मुदत नसते. मुदत पैशाला असते, आणि पैसा संपला की काम पूर्ण झाले असे समजण्याची रीत आहे. ही रीत पूर्वी फक्त मोठमोठ्या कचेऱ्यांना ठाऊक होती. आता ज्यांना कचेरीच नाही अशा विकेंद्रित समुदायांनीही ती आत्मसात केली असून, प्रगती म्हणतात ती हीच.

या प्रगतीला एका लिफ्ट मेकॅनिकचा हातभार लागला. मेकॅनिक बावन्न वर्षांचा, कामाला चोख, बोलायला बेताचा. बावीस लिफ्टची देखभाल त्याच्याकडे होती. महिन्यातून एकदा प्रत्येक लिफ्ट तपासायची, काही झिजले-मोडले असेल तर बदलायचे आणि नोंद करून सही ठोकायची, असा एकोणतीस वर्षांचा शिरस्ता. त्याला खंत एकच होती. काही मेकॅनिक लिफ्ट न पाहताच घरबसल्या मागच्या तारखा घालतात. (त्याने स्वतःही दोनदा घातल्या होत्या, पण तेव्हा अंगात ताप होता. निदान एकदा तरी होता.)

ही खंत त्याने एका दुपारी जेवताना मेहुण्याला सांगितली. मेहुणा पोटापाण्यासाठी विमा विकायचा आणि उरलेल्या वेळात भविष्यकाळाबद्दल बोलायचा.

"भावोजी, ब्लॉकचेनवर टाका की," तो म्हणाला.

"काय टाकू?"

"तारखा. एक वही समजा, आणि तिची प्रत जगभर हजारो लोकांच्या कॉम्प्युटरवर. एकदा लिहिलं की कुणाच्या बापाला खोडता येत नाही. वर आमचा समुदाय अशा कामाला अनुदानही देतो."

मेकॅनिकला पहिला भाग मनापासून पटला. दुसरा भाग त्याला पटवावा लागला नाही.

समुदायाची रचना आदर्श होती. त्याला मालक नव्हता, अध्यक्ष नव्हता, पत्ता नव्हता. त्यामुळे तक्रार कुठे करायची हा प्रश्नच निकालात निघाला होता. सगळे निर्णय मतदानाने होत. ज्याच्याकडे जितकी टोकन, म्हणजे समुदायाची स्वतःची डिजिटल नाणी, त्याची तितकी मते. सत्ता एका हाती जाऊ नये म्हणून ती चार हातांत ठेवलेली होती. हे चौघे कोण, हे कुणालाच माहीत नव्हते. त्यांतला सर्वांत वजनदार 'विनम्र घुबड' या नावाने लिहीत असे आणि विनम्रपणे नाही म्हणत असे.

'तात्पुरते प्रोत्साहन अनुदान' मिळवण्याच्या अर्जात एकतीस प्रश्न होते. प्रकल्पाचे ध्येय काय? ध्येयामागची दृष्टी काय? दृष्टीआड काही राहिले आहे काय? तुमच्याशिवाय हा प्रकल्प चालेल काय, आणि चालत असल्यास तुम्हाला अनुदान का द्यावे? मेकॅनिकने दोन रविवार घालून सगळे भरले. शेवटच्या प्रश्नावर (तुम्ही जग कसे बदलाल?) तो बराच वेळ अडला आणि शेवटी त्याने लिहिले, 'वर-खाली.' परीक्षकांना यात खोल अर्थ दिसला. प्रस्ताव मंजूर झाला.

अनुदानाच्या अटी सोप्या होत्या. मुदत बारा आठवडे. लिफ्ट तपासून केलेल्या प्रत्येक नोंदीमागे तीन टोकन. आणि प्रकल्प जिवंत आहे हे दिसावे म्हणून नोंदींची संख्या दर आठवड्याला पंचवीस टक्क्यांनी वाढली पाहिजे, नाहीतर पुढचा हप्ता बंद.

पहिल्या आठवड्यात मेकॅनिकने बावीस लिफ्ट नीट तपासल्या. हात काळे होईपर्यंत तपासल्या. जवळच्याच एका सात मजली इमारतीत त्याला तिसऱ्या मजल्याच्या दाराचा कॉन्टॅक्ट झिजलेला आढळला. दार बंद झाल्याची खबर लिफ्टला देणारा हा काडेपेटीएवढा भाग. तो झिजला की लिफ्ट भलतीकडेच थांबते. मेकॅनिकने तशी नोंद केली. नवा कॉन्टॅक्ट त्याच्या पिशवीतच होता. पण बदलायचा तर दीड तास जाणार होता आणि त्या दिवशीच्या नऊ नोंदी बाकी होत्या. दुरुस्तीला टोकन नव्हते. फॉर्ममध्ये दुरुस्तीचा रकानाही नव्हता. उद्या करू, असे त्याने ठरवले. हे अगदी वाजवी होते.

पंचवीस टक्के हा आकडा कागदावर गरीब दिसतो. दुसऱ्या आठवड्यात मेकॅनिकने सहा लिफ्ट दोनदा तपासल्या. पाचव्या आठवड्यात तो प्रत्येक लिफ्ट आठवड्यातून दोन-तीनदा तपासू लागला. बाराव्यात एकूण तपासण्या दोनशे छप्पन्न झाल्या, म्हणजे रोज छत्तीस. एका तपासणीला आधी वीस मिनिटे लागत, ती प्रगती होत होत चारवर आली. त्यांतली तीन 'तपासणी चालू, लिफ्ट बंद' ही पाटी लावण्यात आणि काढण्यात जात. पुढे पुढे तो पाटी काढेनासा झाला, कारण तासाभराने परत लावायचीच होती.

समुदायात आनंदीआनंद झाला. मासिक अहवालात त्याच्या प्रकल्पाचा आलेख पहिल्या पानावर आला. तो थेट वर जात होता. रहिवासीही वर जात होते, जिन्याने. मेकॅनिकला याची कल्पना नव्हती असे नाही. त्या सात मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर त्याची सख्खी मोठी बहीण राहत होती. ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती आणि तिच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन होऊन वर्ष झाले नव्हते.

"अरे, लिफ्ट आजही बंद?" आठव्या आठवड्यात ती पाचव्या मजल्याच्या कठड्याला धरून म्हणाली.

"ताई, तुझ्याच सुरक्षेसाठी आहे."

"बरं," ती म्हणाली आणि उरलेले दोन मजले चढली. ती भांडली असती तर त्याला सोपे गेले असते. त्याने निमूटपणे तिसऱ्या मजल्याच्या कॉन्टॅक्टबद्दल नोंद केली. बहिणीची इमारत घराजवळ असल्यामुळे जाता-येता तिथली तपासणी होऊन जाई; त्या एका दाराच्या नोंदी सत्त्याण्णव झाल्या. एकही खोटी नव्हती. एवढ्या सातत्याने आणि प्रामाणिकपणे नोंदवलेला बिघाड जगात दुसरा नसेल.

शुक्रवारी अनुदान संपले. मेकॅनिकने टोकन विकायला काढली. त्याच दिवशी सगळ्याच प्रकल्पांनी ती काढली होती. साडेतीन हजारांहून अधिक टोकनांची अर्जाच्या दिवशी जुनी स्कूटर आली असती. आता गुडघ्याला बांधायचा पट्टा आला. तो त्याने ताईसाठी घेतला. (आकार लहान पडला.) मग तो चार दिवस झोपला. झोपण्याआधी बावीस पाट्या मात्र आठवणीने काढून आणल्या.

मंगळवारी दुपारी ताईचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "लिफ्टमध्ये आहे. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी. कित्येक आठवड्यांनी मोकळी दिसली म्हणून चढले."

तो चपला उलट्यासुलट्या घालून धावला. तिसऱ्या मजल्याच्या दाराला तोंड लावून त्याने हाक मारली.

"ताई, मी आलोय. श्वास नीट घे. बस खाली."

"गुडघा वाकत नाही, उभीच आहे. कशानं थांबली?"

"या दाराचा कॉन्टॅक्ट झिजलाय."

"कधी लक्षात आलं तुझ्या?"

त्याने दाराच्या फटीतून पाहिले. ताईच्या पांढऱ्या केसांचा वरचा भाग तेवढा दिसत होता. "बारा आठवडे झाले," तो म्हणाला.

"लिहून ठेवलंयस ना?"

"सत्त्याण्णव वेळा."

"मग आता ते खोडून टाकता येईल?"

"नाही. तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे."

तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला, मेन स्विच बंद केला, ब्रेक सोडून चाक हाताने इंच इंच फिरवले आणि लिफ्ट मजल्याला आणली. दार उघडले तेव्हा ताई बाहेर आली, त्याच्या खांद्यावर हात टेकून पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुला शाळेतही हजेरीचंच बक्षीस मिळायचं." ती हसली. तोही हसला, मग त्याला तोंड फिरवून घाम पुसावा लागला, आणि तो घामच होता असे त्याने नंतर बायकोला सांगितले.

कॉन्टॅक्ट बदलायला दीड तास नाही, चाळीस मिनिटे लागली.

त्या आठवड्यात त्याने समुदायापुढे प्रस्ताव ठेवला : फॉर्ममध्ये 'दुरुस्ती' असा एक रकाना वाढवावा. विनम्र घुबडाने विनम्रपणे लिहिले की दुरुस्त झालेली लिफ्ट वारंवार तपासावी लागत नाही, म्हणजे नोंदी घटतील, आणि हे समुदायाच्या हिताचे नाही. मतदानाला किमान चारशे सभासद लागत. नऊ आले, त्यांतले तीन वेगवेगळ्या नावांनी मेहुणाच होता. पूर्वी दोन हजार येत, पण मतदानाचे अनुदानही शुक्रवारीच संपले होते.

पंधरा दिवसांनी नवे अनुदान जाहीर झाले : अनुदान संपल्यावर प्रकल्प का थांबतात, याच्या अभ्यासासाठी. अनुभवी म्हणून मेकॅनिकला खास निमंत्रण आले. त्याने ते नाकारले असे इथे लिहायला बरे वाटले असते. त्याने एकतीसपैकी एकोणीस उत्तरे भरली. मग ताईने हाक मारली, आणि तो नळ बघायला गेला.

हल्ली तो पुन्हा महिन्यातून एकदाच तपासतो आणि लिफ्टमधल्या काचेमागच्या कागदावर पेनाने तारीख घालतो. हा कागद कुणी वाचते का, हे पाहण्यासाठी त्याने गेल्या जूनमध्ये बावीसही लिफ्टमध्ये 'तपासणी : एकतीस जून' असे ठळक अक्षरांत लिहिले आणि खाली स्वतःचा नंबर दिला. सात महिने झाले. त्या नंबरवर चाळीस फोन आले, सगळे कागदाशेजारच्या आरशावर डाग पडल्याचे. त्यांतला एक, माफ करा, तुमचा होता.