दिगंबरमामा आणि माझा अर्ज

माझ्या धाकट्या बहिणीसाठी, सुनीतासाठी, स्थळ पाहायला आम्ही तिवशाला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं रीतीप्रमाणे विचारलं, "अजून काही आणू का?" सगळ्यांनी "नाही नाही" म्हटलं. दिगंबरमामा मात्र खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "एखादी शिळी भाकर असन बुरशी आलेली, तं आना."

बाबांनी हातातली बशी खाली ठेवली. त्या बाई लाल झाल्या. "आमच्या घरी असलं काही राहत नाही हो."

"असते वो बाई," मामा समजुतीनं म्हणाले, "सगळ्यायच्या घरी असते. पाहा लागते फक्त." आणि उठून थेट स्वयंपाकघरात गेले. पाच मिनिटांनी बाहेर आले ते लिंबाच्या लोणच्याची बरणी छातीशी धरून. "हे पाहा! हिरवी, अन् कडंनं पांढरी. काय झ्याक आली हाय!"

लग्न जमलं. कसं जमलं ते मला अजून कळलेलं नाही. आई म्हणते, त्या बाई घाबरल्या असतील. नाही म्हटलं तर हा माणूस जिल्हाभर सांगेल.

दिगंबरमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. अकोल्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. लागले ते काचेची भांडी धुवायला. पण धुण्याआधी त्या भांड्यांत काय उगवलंय ते पाहायची त्यांना सवय लागली, आणि ती सवय नोकरी संपली तरी सुटली नाही. मॅट्रिकच्या पुढे शिकले नव्हते, पण प्राध्यापकांना बुरशी ओळखता आली नाही की ते पोरांना म्हणत, "जरा दिगंबरभाऊंना दाखवून या." मामा बशी उजेडाकडे धरत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "उगू दे अजून दोन दिवस. आताच नाव कायले ठेवता तिले?"

"उगू दे" हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. एसटी उशिरा येतेय, उगू दे. बाबांचं माळव्याचं पीक लांबलं, उगू दे. माझं लग्न लांबलं तेव्हा आईनं त्यांना मध्यस्थी करायला बोलावलं, तर तिच्या तोंडावर हेच म्हणाले. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

अकोल्यातलं त्यांचं घर तीन खोल्यांचं. मामी होत्या तोवर बुरशीला मागच्या खोलीतली एकच फळी मिळालेली होती. मामी गेल्या आणि बुरशीनं हळूहळू सगळं घर घेतलं. मांडणीवर, खिडकीत, देव्हाऱ्याच्या खाली, जिकडेतिकडे बुचाच्या छोट्या बाटल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात पत्ता. ‘तिवसा, सुनीताच्या सासूबाई, लिंबू लोणचे.’ ‘नांदगाव खंडेश्वर, बळीरामजी, ओली तूर.’ ‘अमरावती, ताई, आवळ्याचा मुरब्बा.’ ही ताई म्हणजे माझी आई; मामांहून धाकटी, पण घरात सगळे तिला ताईच म्हणत. तिनं ती चिठ्ठी पाहिली त्या दिवशी पाणीसुद्धा न पिता परत आली. "घरोघरचा घाणेरडेपणा जमवून ठेवला याने," ती म्हणाली, "अन् वर नावं लिहिली!"

अशा माणसाकडे मी माझा अर्ज घेऊन गेले, कारण दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, पीएचडी केली आणि अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. म्हणजे वर्ग घेतला तर पैसे, सुट्टी आली तर नाही. वैद्यकीय संशोधनाचं शिक्षण देणारी एक फेलोशिप होती. तीन वर्षं मोठ्या प्रयोगशाळेत राहायचं, तिथल्या लोकांच्या हाताखाली शिकायचं, आणि आपला एक प्रश्न तडीला न्यायचा. आदल्या वर्षी मी अर्ज केला होता, तो नाकारला गेला. ‘विषय फार व्यापक आहे,’ एवढं एक वाक्य आलं. वयाची अट पाहता ही माझी शेवटची वेळ होती. विषय होता डोळ्याच्या बुबुळाला होणारा बुरशीचा संसर्ग. शेतात काम करताना पान, काडी डोळ्यात लागते, जखमेतून बुरशी आत जाते आणि डोळा जातो.

मामा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, "वाच."

अर्ज इंग्रजीत होता. मी वाचत आणि मराठीत अर्थ सांगत गेले. दुसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला.

"थांब. हे ‘मल्टिडिसिप्लिनरी’ कोन हाय?"

"म्हणजे मामा, अनेक शास्त्रं मिळून..."

"तुह्या जवळ किती हायेत?"

"एक."

"मंग काढ त्याले."

संध्याकाळपर्यंत चार पानांचं दीड पान झालं. ‘जागतिक’ गेलं, ‘क्रांतिकारी’ गेलं, ‘समाजाच्या तळागाळातील’ गेलं. मी चिडले. "मामा, तिथं मोठे मोठे लोक वाचतात. असं साधं लिहिलं तर त्यांना वाटेल हिला काही येत नाही."

मामांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. "तू किती डोळे पाह्यले?"

"म्हणजे?"

"वावरात डोळ्याले लागलं, बुरशी झाली, अशी किती मानसं तू सवता पाह्यली?"

मी शोधनिबंध वाचले होते, एका डॉक्टरांकडून नमुने आणून वाढवले होते. माणूस एकही पाहिला नव्हता.

"उद्या नांदगावले जाऊ," मामा म्हणाले.

नांदगाव खंडेश्वरला बळीरामजी मामांचे जुने दोस्त. त्यांच्या वावरात तूर कापणं चालू होतं. बळीरामजींनी सिंधूबाई नावाच्या एका बाईंना हाक मारली. चाळिशीच्या असतील. त्यांच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. बुबुळाच्या जागी दुधी पांढरा डाग. मी वही काढली आणि कॉलेजात विचारावं तसं विचारलं, "तुम्ही वेळेवर दवाखान्यात का गेल्या नाही?"

त्यांनी पदर डोळ्यावर ओढला. मामा मध्ये पडले. "बाई, ते राहू द्या. कशानं लागलं?"

"तुरीच्या खुंटानं. वाकली अन् भसकन लागलं."

"मंग?"

"पानी मारलं. दुसऱ्या दिवशी डोया लाल. मेडिकलात गेली. त्यानं थेंब देल्ले. दोन दिवस बरं वाटलं वो भाऊ. लाली गेली, ठनका गेला. मी म्हटलं, झालं. पुन्हा कामाले लागली. मंग पाचव्या दिवशी काही दिसेच ना."

"ती बाटली हाय का?" मी विचारलं.

त्या घरी गेल्या आणि बोटाएवढी प्लास्टिकची बाटली घेऊन आल्या. टाकून दिली नव्हती, कारण औषध होतं ना. मी वरची बारीक अक्षरं वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. ते सूज उतरवणारं औषध होतं. असलं औषध लाली घालवतं, दुखणं घालवतं आणि आतल्या बुरशीला मोकळं रान देतं. म्हणजे या बाईंना दोन दिवस बरं वाटलं, त्या दोन दिवसांतच डोळा गेला होता.

त्या दिवशी आम्ही आणखी चार घरी गेलो. दोन घरी तसलीच बाटली निघाली.

दिसेल त्याला बुरशी मागणारे दिगंबरमामा त्या दिवशी कुणाकडे काही मागायला विसरले. परतीच्या एसटीत बडनेऱ्यापर्यंत ते खिडकीतून वावरं पाहत राहिले. मग म्हणाले, "मी साऱ्या जल्मात बाटलीतच पाह्यलं पोरी. कोनाच्या डोयात गेली असन, असं मनातच नाही आलं."

मी अर्ज पुन्हा लिहिला. तुरीच्या खुंटावर कोणती बुरशी असते, तीच डोळ्यात सापडते का, आणि गावातल्या मेडिकलमधून मिळणाऱ्या थेंबांनी ती किती वेगानं वाढते. बस, एवढंच. सिंधूबाईंना विचारून त्यांची हकीकत चार ओळींत घातली, नाव न घालता.

शेवटी शिफारस करणाऱ्यांचा रकाना आला. मी म्हटलं, "मामा, एक नाव तुमचं घालते."

त्यांनी नियम वाचायला लावला. शिफारस करणारा पीएचडी असावा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मामा हसले. "माह्या नावाच्या आंधी डॉक्टर नाही, मागं भाऊ हाय. तुह्या साहेबाचं टाक." आणि लगेच उठून बाटल्यांची धूळ पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

मुलाखतीचं बोलावणं पुण्याहून आलं. मला गाडीत बसवायला मामा अकोल्याहून बडनेरा स्टेशनवर आले, डब्यात तीळ लावलेल्या भाकरी आणि ठेचा घेऊन. उपदेश एकच केला. "जे माहीत नाही ते नाही माहीत म्हनजो. लाजू नको."

समोर तिघं जण बसले होते. पहिल्या दहा मिनिटांत मी तीन वेळा "मला माहीत नाही" म्हटलं आणि मनात म्हटलं, बुडवलं मामांनी. मग एका मॅडमनी विचारलं, "थेंबांचा हा मुद्दा शोधनिबंधांत नवीन नाही. पण तुम्ही तो बाटलीपासून सुरू केलाय. तुम्हाला ती बाटली कशी दिसली?"

मी सांगायला लागले. इंग्रजीत सुरू केलं, मधेच मराठीत आले, आणि सिंधूबाईंपाशी पोचले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "तिले वाटलं बरं होऊन राहिलं." बोलून गेले आणि जीभ चावली. मॅडम मात्र पुढे झुकून ऐकत होत्या.

"तुम्हाला मार्गदर्शन कोणाचं होतं?" त्यांनी शेवटी विचारलं.

अर्जात माझ्या विभागप्रमुखांचं नाव होतं. मी तेही सांगितलं. मग म्हटलं, "आणि माझे मामा. अकोल्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते. त्यांनी मला वावरात नेलं." मॅडमनी नाव विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं. का, ते मला माहीत नाही.

निवड झाल्याची मेल आली तेव्हा मी वर्गात होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं अकोला गाठलं. मामांनी मेल तीनदा वाचून घेतली. मॅडमनी त्यांचं नाव लिहून घेतल्याची गोष्ट मी सांगितली, तर "कायले सांगतलं माहं नाव," एवढं म्हणून त्यांनी उगाच चष्मा पुसला. मग विचारलं, "किती वर्सं?"

"तीन. पुण्यात."

"हं."

आत गेले आणि एक खोकं घेऊन आले. नवा कोरा मोठा फोन. "आठ दिवस झाले घेऊन. तू निवडली जाशीन हे मले ठाऊक होतं. हे तोंड दिसते तसा फोन कसा लावते ते शिकव मले."

मी शिकवलं. दोनदा त्यांनी चुकून स्वतःचाच फोटो काढला. तिसऱ्यांदा म्हणाले, "तू अठीच बस. मी आत जाऊन लावतो."

ते स्वयंपाकघरात गेले. माझा फोन वाजला. पडद्यावर त्यांचं कपाळ आणि वर फिरणारा पंखा.

"दिसून राहिली का मी तुमाले?" मी विचारलं.

"दिसून राहिली." जरा थांबून म्हणाले, "पोचली का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, मामांनी मला पुण्याला पोचवलं होतं.

"पोचली, मामा."

"खोली बरी हाय?"

"बरी हाय."

"जेवली?"

"जेवली."

आतून भांड्याचा बारीक आवाज आला, आणि क्षणभरानं तोच आवाज फोनमधून आला.

"तुही मामी गेल्यापासून," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाजही तसाच दोनदा आला, एकदा भिंतीमागून आणि एकदा माझ्या हातातून, "जेवले का म्हनून कोनी इचारत नाही वो. तू इचारत जाय. रोज नको. तुले काम राहीन. आयतवारी."

माझ्या समोर नुसता पंखा फिरत होता. फोन त्यांनी खाली ठेवला असावा.

"मामा," मी म्हटलं, "तुमी जेवले का?"

आत नळ सुरू झाला आणि बंद झाला.

"नाही," मामा म्हणाले.

मी फोन तसाच चालू ठेवून उठले आणि आत ताटं घ्यायला गेले.