पडद्यावरचा आपत्कालीन दरवाजा

गुलमंडीतल्या एका जुन्या दुमजली इमारतीत, वरच्या मजल्यावर, गोकुळ वाघमोडे यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. सदर दुकानात एक अतिशय जुना घरगुती संगणक आहे. त्याला स्वतःचा पडदा नाही, टीव्हीला जोडावा लागतो. खेळ कॅसेटमध्ये असतो, आणि कॅसेट लावली की टेपरेकॉर्डर बराच वेळ किंचाळल्यावर पडद्यावर एक भुलभुलैया उमटतो. त्यात बोटभर उंचीचा एक माणूस, त्याच्या हातात बंदूक, आणि खोल्याखोल्यांतून अंगावर येणारे चौकोनी डोक्याचे प्राणी. सगळे मारले की शेवटच्या खोलीतलं दार उघडतं. पलीकडं काय आहे हे गोकुळला ठाऊक नव्हतं, कारण तिथवर तो कधी पोचलाच नव्हता.

पोचण्याच्या बेतात होत्या त्या त्याच्या आई, बानाबाई. अजिंठ्याकडच्या डोंगरात मेंढरांमागं त्यांची अर्धी हयात गेली होती. लांडगा कुठल्या बाजूनं येणार याचा अंदाज बांधायची सवय त्यांना इथं कामी आली. फक्त आता डोळ्यांत काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बानाबाईंनी ती जपली, पण या खेळासाठी.

"नजर हाय तवर त्यो शेवटचा दरवाजा उघडून बघते," त्या म्हणायच्या. "मग बसते माळ वढत."

आजी बंदूक चालवतात म्हटल्यावर बघे जमू लागले. जिन्यात गर्दी व्हायला लागली, तेव्हा गोकुळच्या हातून ती चूक घडली. त्यानं संबंधित कार्यालयात जाऊन विचारलं, "हे चालतंय न्हवं?"

या शहरात कुणी दुकान फुटपाथवर आणताना विचारत नाही, गच्चीवर खोली चढवताना विचारत नाही. गोकुळनं विचारलं. कार्यालयात खळबळ उडाली. ज्या अर्थी हा माणूस विचारतो आहे, त्या अर्थी प्रकरण गंभीर असलं पाहिजे, असं सर्वानुमते ठरलं आणि सहायक निरीक्षक ऋतुराज यांना तातडीनं पाहणीसाठी धाडण्यात आलं.

जिन्यात साड्यांची खोकी रचलेली असल्यानं ऋतुराज आडवे होऊन वर आले. त्यांनी टीव्हीच्या पडद्याला मोजमापाचा टेप लावला.

"याचा नकाशा मंजूर आहे?"

"साहेब, ह्यो खेळ हाय."

"खोल्या आहेत, भिंती आहेत, दारं आहेत. हे बांधकामच झालं की." त्यांनी पडद्यावरच्या माणसाकडं बोट दाखवलं. "समजा, आग लागली. हा बाहेर कसा पडणार?"

"सगळे मारल्याबिगर दार उघडत नाय साहेब."

"म्हणजे एकच दार, आणि तेही बंद?" ऋतुराज यांना खरोखर धक्का बसला. दुकानाच्या मागच्या दाराला लावून एक बंद पडलेला कुलर उभा होता. त्यावर कागद ठेवून त्यांनी तिथल्या तिथं अहवाल लिहिला: भुलभुलैयात आपत्कालीन मार्ग नाही, जीवितास धोका. मग संगणकाला चिकटपट्टीचं सील ठोकून ते पुन्हा आडवे होऊन खाली उतरले.

सुनावणी कक्ष अधिकारी सुकेशनी मॅडम यांच्यासमोर झाली. मॅडम मनानं चांगल्या होत्या. अन्याय कुणावरच होऊ नये असं त्यांना वाटे. त्यामुळे आधी त्यांनी प्राण्यांची बाजू विचारात घेतली.

"हे तिथं कधीपासून राहतात?"

"कॅसेट आली तवापासून. चाळीसेक वर्षं झाली आसतील."

"मग ते गुंठेवारीत बसतात, नियमित करता येतील. आणि हा बंदूकवाला?"

"ती माझी आय हाय."

"त्यांची तिथं जागा आहे?"

"नाय."

"म्हणजे सशस्त्र घुसखोरी." मॅडमनी उसासा टाकला. "तरी आपण मार्ग काढू. आपत्कालीन दरवाजा बसवा. आणि गोळी घालण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाला रीतसर नोटीस द्या."

"नोटीस? ह्येंला?"

"वाघमोडे, कायद्यापुढे सगळे सारखे."

गोकुळ कामाला लागला. संगणक सीलबंद, त्यामुळे बदल आधी कागदावर करायचे, ते मंजूर करून आणायचे, मग सील निघणार. दरवाज्याचा रंग हिरवा की पोपटी यावरच प्रकरण बराच काळ अडलं. बानाबाई रोज दुकानात येऊन संगणकासमोर बसत. एका दुपारी त्या हसून म्हणाल्या, "काढलं व्हय रं सील? बरं झालं."

सील जागच्या जागी होतं. आईला ते दिसलंच नव्हतं. त्यानंतर तो कार्यालयाच्या बाकावरून उठलाच नाही, आणि त्याला बघून बघून कंटाळलेल्या कार्यालयानं अखेर मंजुरी दिली.

सील निघालं, गोकुळनं बदल खेळाच्या आज्ञावलीत टाइप केले, आणि प्रात्यक्षिकाला मॅडम आणि ऋतुराज जातीनं हजर राहिले. जिन्यात खोकी होतीच, त्यांच्यावर बघे बसले. टेपरेकॉर्डर किंचाळला. पहिल्याच खोलीत हिरवागार दरवाजा झळकला.

"बघा," मॅडम समाधानानं म्हणाल्या, "आत शिरलं की लगेच बाहेर. आजी, या दारानं निघा."

"त्ये भित्र्यांचं दार हाय," म्हणत बानाबाईंनी आपला माणूस आत घुसवला.

पहिला प्राणी अंगावर आला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की'. आणि आश्चर्य घडलं. नोटीस मिळताच प्राणी जागच्या जागी थांबला तो हललाच नाही. दुसऱ्यानंही तेच केलं. नोटीस मिळालेला रहिवासी या शहरात कधीच हलत नाही, हे कार्यालयाला ठाऊक असायला हवं होतं. बानाबाईंना ते फारच सोयीचं पडलं. अंधूक दिसणाऱ्या, पण न हलणाऱ्या त्या आकृत्यांवर नेम धरत त्या शेवटच्या खोलीत पोचल्या.

तेवढ्यात संगणकाच्या मागून धूर निघाला.

"आग!" ऋतुराज ओरडले. पुढच्या जिन्यात बघे आणि खोकी यांची एकच गुंतागुंत झाली होती. सगळे मागच्या दाराकडं धावले. कुलर ओढून बाजूला केला, कडी काढली, खांदे लावले. दार बोटभर उघडलं आणि अडलं. पलीकडून कुणीतरी लोखंडी कपाट लावून ठेवलं होतं. मॅडम त्या फटीला नाक लावून उभ्या राहिल्या.

"आय, ऊठ!"

"थांब की लेकरा, एकच राह्यलाय."

गोळी सुटली. पडद्यावरचं दार उघडलं. बानाबाई पडद्याला नाक लावून क्षणभर बघत राहिल्या, मग गोकुळनं वायर उपटली. जळाला होता तो फक्त संगणकाचा ट्रान्सफॉर्मर. पंख्यानं धूर विरला आणि जो तो दुसऱ्याला धीर देऊ लागला.

"काय व्हतं गं पलीकडं?" गोकुळनं विचारलं.

"कायी नव्हतं," बानाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या हसत होत्या. "लई मोकळं व्हतं. आपल्या रानावानी."

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. खेळातील आपत्कालीन दरवाजा समाधानकारक आढळला. इमारतीचा दरवाजा या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही. कपाट, कुलर आणि खोकी कुणाची, हे सगळ्या दुकानदारांना विचारण्यात आलं. प्रत्येकानं शेजाऱ्याकडं बोट दाखवलं.

वाचकहो, हसून झालं असेल तर जरा उठा आणि तुमच्या इमारतीचा मागचा जिना बघून या. तिथली मोडकी सायकल वरच्या मजल्यावरच्यांची आहे, गादी खालच्यांची. माणसांना काही वाटत नाही हेच खरं. कुलर मात्र आपला आहे. तो उन्हाळ्यात लागतो, म्हणून ठेवलाय, एवढंच.