कायचे टक्के?

गिरजाकाकू शिवीसुद्धा टक्क्यांत देत. समोरचा माणूस सरसकट गाढव आहे असं त्या कधी म्हणत नसत, ते त्यांना अन्यायाचं वाटे. "तू सत्तर टक्के गधा हायेस," असं त्या दूधवाल्याला सांगत, आणि उरलेले तीस टक्के काय आहेत तेही सांगत. ते ऐकून दूधवाल्याला आपण शंभर टक्के गाढव असतो तर बरं झालं असतं असं वाटत असे.

वलगावच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मी काकूंच्या घरात पुढची खोली भाड्यानं घेतली. माझं माहेर अकोल्याचं, त्यामुळे बोली मला नवी नव्हती, पण काकूंचा आवाज नवा होता. पहाटे म्हशीशी बोलण्यापासून तो सुरू होई आणि सगळ्या आळीला जाग आणी. साठीच्या आसपासच्या, काटक, एकट्या. मुलगी मोर्शीला दिलेली. नवरा, देवरावकाका, मी यायच्या आधीच गेलेले. शेतात फवारणी करताना औषधाची बाधा झाली आणि अमरावतीच्या दवाखान्यात गेले, एवढं मला शेजारणीनं सांगितलं होतं. काकू त्या विषयावर अक्षर बोलत नसत. बाकी सगळ्या विषयांवर बोलत, आणि रागानंच बोलत.

त्यांना टक्के शिकवले मी. आळीतले लोक त्याबद्दल मला अजून बोल लावतात.

झालं असं, की त्या वर्षी सोयाबीन उगवलंच नाही. एकट्या काकूंचं नव्हे, निम्म्या गावाचं. कंपनीचं बियाणं, रंगीत पिशवी, त्यावर सत्तर टक्के उगवणीची हमी छापलेली, आणि शेतात बघावं तर पेरलेल्या ओळीच्या ओळी रिकाम्या. लोकांनी तक्रारी केल्या, तालुक्याहून पाहणीला माणसं आली. त्यांतल्या एका साहेबानं बांधावरूनच नजर फिरवली आणि म्हणाला, साठ-पासष्ट टक्के उगवण दिसते, म्हणजे हमीच्या जवळपासच आहे. मग ते सगळे गाडीत बसून निघून गेले.

मी संध्याकाळी शाळेतून आले तर काकू ओट्यावर माझी वाट बघत बसलेल्या. रागानं त्यांचा चेहरा काळानिळा झाला होता.

"मॅडम, मले टक्के शिकवा," त्या म्हणाल्या. "तो साहेब साठ-पासष्ट बोलला. थे चांगलं का वाईट हेच मले कयलं नाई. त्याले शिव्या द्याच्या का चाहा द्याचा? म्हून मंग मी दोन्ही देल्लं."

दुसऱ्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. काकूंची चौथीपर्यंतच शाळा झालेली, पण हिशेब तोंडी चोख. मी म्हणाले, टक्का म्हणजे शंभरातला एक भाग. पंचवीस टक्के म्हणजे शंभरातले पंचवीस, म्हणजे पाव. काकू भडकल्या.

"म्हणजे रुपयात चार आणे! मंग चार आणेच म्हणा नं. पन्नास टक्के म्हणजे आठ आणे. हे तं मले लहानपणापासून येते. नवं नाव काहून ठेवलं? आमाले घाबरवाले?"

मी इतकी वर्षं मुलांना शेकडेवारी शिकवली होती, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मलाही पडला नव्हता. विचार केला तसा मलाही राग येऊ लागला. चार आणे पीक बुडालं म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर बुडालेलं शेत येतं. पंचवीस टक्के म्हटलं की नुसता एक कागद येतो.

दहा टक्क्यांची युक्ती मी त्यांना सांगितली. शेवटचा आकडा अंगठ्यानं झाकायचा, उरेल ते दहा टक्के. दोनशे चाळीसचे चोवीस. त्याची निमपट केली की पाच टक्के, दोन्ही मिळवले की पंधरा. काकूंना ही युक्ती इतकी आवडली की त्यांचा अंगठा घरात स्वस्थ बसेना. किराण्याच्या चिठ्ठीवर, एस.टी.च्या तिकिटावर, कॅलेंडरवर, जिथे आकडा दिसेल तिथे तो जाऊन बसे. एकदा लग्नपत्रिकेवरच्या पिन कोडवर अंगठा ठेवून त्या कितीतरी वेळ पुटपुटत होत्या. मी काय करताय विचारलं तर म्हणाल्या, सवय राहाले पायजे.

पण त्यांच्या रागाला खरी धार आली ती एका वाक्यानं. मी सहज सांगितलं होतं, की नुसते टक्के ऐकून काही कळत नाही, ते कशाचे टक्के आहेत हे आधी विचारायचं. झालं. "कायचे टक्के?" हा काकूंचा मंत्र होऊन बसला.

अमरावतीला कापडाच्या दुकानात आम्ही काकूंच्या भाचीच्या लग्नाची साडी घ्यायला गेलो. दारावर हा मोठा फलक, पन्नास टक्के अधिक वीस टक्के सूट. साडीवर किंमत हजार. काकूंनी अंगठा चालवला आणि तीनशे रुपये गादीवर ठेवले. दुकानदार म्हणाला, चारशे. काकूंनी त्याची टक्केवारी काढायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं साड्या सोडून आमच्याकडे बघू लागली. शेवटी मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, काकू, तुमचं चुकतंय. पन्नास टक्के हजाराचे, पण वीस टक्के उरलेल्या पाचशेचे.

मला वाटलं, आता ओशाळतील. काकू वळल्या त्या दुपटीनं पेटून.

"मंग फलकावर काहून नाई लेहलं, वीस कायचे थे? साठ टक्के सूट हाय तं साठ लेहा. लोकायले सत्तर वाटलं पायजे म्हून असं लेहता का?"

दुकानदार म्हणाला, सगळेच असं लिहितात. हे उत्तर त्यानं द्यायला नको होतं. आम्ही साडी घेऊन निघालो तेव्हा त्याचा नोकर स्टुलावर चढून फलकाखाली खडूनं काहीतरी लिहीत होता.

टीव्हीशी तर त्यांचं रोजचं भांडण. श्रावणात एकदा बातम्यांत सांगितलं, की जिल्ह्यात सरासरीच्या नव्वद टक्के पाऊस झाला. आमच्या शिवारात पीक माना टाकून उभं होतं. एका आठवड्यात धो धो कोसळून गेलेला पाऊस नंतर फिरकलाच नव्हता. काकू हातातली भाकरी तशीच धरून टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. "कायचे नव्वद? कोठी पडला? केव्हा पडला? मेल्यावर तोंडात घागर ओतली तं थे बी पाणीच होये नं?" टीव्हीवरच्या मुलीनं हसून पुढची बातमी दिली. मला हसू आलं नाही.

गावात त्यांना आता 'टक्केवाली' म्हणत. पाठीमागे हसत, आणि अडलं की येत. कापसात ओलावा जास्त म्हणून व्यापाऱ्यानं कपात केली की माणसं काकूंना सोबत नेत. काकूंचा हिशेब दर वेळी बरोबर असे असं नाही, पण त्या आल्या की व्यापारी आपला हिशेब पुन्हा तपासत. त्यांच्या आरडाओरड्यापुढे गणित दुय्यम होतं.

पुढच्या वर्षी पेरणीआधी त्या रफीकभाईंच्या कृषी केंद्रात गेल्या. मीही सोबत होते. काकूंच्या तोंडाला कित्येक वर्षं पुरून उरलेलं गावातलं एकमेव दुकान रफीकभाईंचं. काकूंनी सांगितलं, आधी एकच पिशवी घेईन, त्यातले शंभर दाणे घरी उगवून पाहीन, मग बाकीच्या. रफीकभाई म्हणाले, "भाभी, सील तोडली तर कंपनी वापस नाही घेत." काकू म्हणाल्या, वापस कोण देऊन राहिलं, मी तं फक्त मोजून राहिली. रफीकभाईंनी हात जोडले. मग हळूच म्हणाले, उगवण किती येते ते मलाही सांगा. मागच्या साली लोकांनी माझ्याच दारावर दगड मारले, पिशवीत काय आहे ते मला तरी कुठं ठाऊक होतं.

घरी आम्ही ओल्या पोत्याच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळींनी शंभर दाणे मांडले, वर दुसरा ओला तुकडा घातला आणि गुंडाळी करून सावलीत ठेवली. काकू सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी शिंपडत. त्या दिवसांत म्हशीलाही शिव्या कमी बसल्या.

पोतं उघडलं त्या सकाळी ओट्यावर चारदोन शेजारी जमले होते, रफीकभाईही दुकान उघडायच्या आधी येऊन बसले होते. पांढरे लुसलुशीत कोंब बघून सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मोजणी मी केली. अठ्ठ्याहत्तर उगवले होते. सत्तरच्या वर. रफीकभाईंनी सुटकेचा श्वास सोडला, शेजारी पिशव्या आणायच्या गोष्टी करत उठले, आणि काकू आता काहीतरी जोरात बोलणार म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं.

काकू बोलल्या नाहीत. सगळे गेल्यावरही त्या पोत्यापाशीच बसून होत्या. न उगवलेले दाणे त्यांनी एकेक वेचून पदरात घेतले होते आणि ते बोटांनी उलटेपालटे करून बघत होत्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "पेरल्यावर हे बावीस मरतीन, हे पह्यले पाहून कयलं असतं का?"

मी म्हणाले, नाही. तेव्हा सगळे सारखेच दिसत होते.

"जाणकाराले बी नाई?"

"कोणालाच नाही, काकू. शंभरातले किती, एवढंच सांगता येतं. कोणते, ते नाही सांगता येत."

त्यांनी मान हलवली. मग दाण्यांकडे बघतच, मी कधी न ऐकलेल्या खालच्या आवाजात सांगायला लागल्या. दवाखान्यात डॉक्टर त्यांना म्हणाला होता, ऐंशी टक्के वाचतील. काकूंना वाटलं, ऐंशी म्हणजे झालंच. शंभराच्या जवळचंच की. घरी म्हैस दोन दिवसांची उपाशी होती. देवरावकाकाच म्हणाले, जाय, तिले पाह्य. म्हणून त्या गावी आल्या, म्हशीला चारा टाकला, काकांना आवडतात म्हणून चार भाकरी केल्या, फडक्यात बांधल्या आणि एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. तिथंच त्यांना निरोप मिळाला.

"मले वाटे, त्या डॉक्टरनं खोटं सांगतलं," काकू म्हणाल्या. "ऐंशी म्हणे अन् माणूस मेला. इतके दिवस त्याले मनातल्या मनात शिव्या देऊन राहिली. पण तो तं खरंच बोलला होता."

त्यांनी हातातला दाणा परत पदरात टाकला.

"मंग आता मी राग कोणावर धरू?"

शाळेची पहिली घंटा ओट्यापर्यंत ऐकू आली. मी उठले नाही. थोड्या वेळानं काकूच उठल्या, पदरातले दाणे तुळशीच्या बुडाशी ओतले, आत जाऊन चहा टाकला. साखर घालायची राहून गेली होती. आम्ही दोघींनी तो तसाच प्यायला, आणि त्या दिवशी आळीत दुपारपर्यंत काकूंचा आवाज आला नाही.